आबांची आडवी दाढ

डॉक्टर संघप्रियाचा दवाखाना पहिल्या आठवड्यापासून भरून वाहत होता, आणि सगळी अडचण तीच होती. शाहूपुरीतल्या स्टेशनरीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर तिचा दवाखाना. सकाळी कुलूप उघडायच्या आधीच जिन्यावर माणसं बसलेली असत. खालचा दुकानदार कौतुकानं म्हणे, "डॉक्टर, तुमचं लय जोरात चाललंय की." संघप्रिया हसून वर जायची. जिन्यावर बसलेल्यांत पैसे देणारं जवळजवळ कुणीच नाही, सगळे पावणे आहेत, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगणार?

आता पावणे म्हणजे तरी कोण? आत्याच्या नणंदेची सून, मामाच्या व्याह्याचा भाऊ, गारगोटीच्या काकांच्या शेजारी राहणारे गुरुजी आणि त्या गुरुजींचे जावई. कोल्हापुरात दोन अनोळखी माणसं एका बाकावर बसली की चहा येईपर्यंत त्यांचं नातं निघतं. त्यात दात दुखत असेल आणि डॉक्टर ओळखीची असेल, तर चहा येईपर्यंतही थांबावं लागत नाही.

बरं, येणारा कुणी रिकाम्या हातानं येत नव्हता. आजऱ्याहून तांदूळ आला, काजू आले. गुळाच्या ढेपा आल्या. हुपरीच्या एका पावण्यानं बायकोचं रूट कॅनॉल झाल्यावर घरच्या कारखान्यात घडवलेले चांदीचे पैंजण आणून दिले, आणि घालून दाखवल्याशिवाय तो जिना उतरला नाही. माणसं मनाची मोठी होती, यात शंका नाही. फक्त घरमालक भाड्यात तांदूळ घेत नव्हता, आणि बँकेला खुर्चीच्या हप्त्यापोटी काजू चालत नव्हते.

या सगळ्याचं मूळ म्हणजे तिचे वडील, भाऊसो. घरात आणि भावकीत त्यांना आबा म्हणत. साखर कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात काढून, निवृत्त होऊन ते फुलेवाडीत स्थायिक झाले होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दवाखान्याचं उद्घाटन ठेवलं. वंदना झाली, पेढे वाटून झाले आणि आबांच्या हातात माइक आला. आबांच्या हातातला माइक काढून घेणं हे सोपं काम नाही.

"माझ्या लेकीच्या शिक्षणाला तुमी समद्यांनी हातभार लावलाय," आबा म्हणाले होते. "आता ह्यो दवाखाना तुमचाच हाय. आपल्या माणसाकडनं माझी लेक एक रुपाया घेणार न्हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. संघप्रियानंही टाळ्या वाजवल्या, वर डोळेही पुसले. तेव्हा तिला कुठं ठाऊक होतं की आबांची आपली माणसं तीन तालुक्यांत पसरलेली आहेत.

हातभाराची गोष्ट मात्र खोटी नव्हती. तिच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं बयाबाई आत्याच्या पैशांतून आली होती. आत्या आबांची थोरली बहीण. आजऱ्यात काजू सोलून सोलून तिच्या बोटांची कातडी काळी पडलेली, आणि त्याच बोटांनी तिनं नोटांची गुंडाळी भाचीच्या हातात कोंबली होती. अशा माणसाला बिल कसं द्यायचं, हे दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात कुठंच नसतं.

संघप्रियाच्या हाताखाली पूर्णिमाताई होत्या. मोठ्या इस्पितळात वर्षानुवर्षं काम केलेल्या, तोंडानं फटकळ. त्यांनी दुसऱ्याच महिन्यात सांगितलं, "डॉक्टर, भिंतीवर दर लावा."

"आबांना काय वाटेल?"

"आबांना काय वाटतंय त्ये ऱ्हाऊ दे. मला पगार द्यायचा हाय न्हवं तुमाला?"

पूर्णिमाताईंनी आपल्या मनानंच बँकेतून पैसे भरायचा क्यूआर आणि पैसे जमा झाले की बोलणारा डबा मागवून टेबलावर मांडला. डबा बिचारा दिवसचे दिवस मुका बसलेला असे. कधीतरी खरंच कुणी परकं माणूस वाट चुकून वर आलं, की तो बोलायचा आणि दोघी दचकायच्या.

संघप्रियानं आबांशी बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण आबांशी बोलणं म्हणजे आबांचं ऐकणं. "आबा, दवाखान्याचं जरा..." एवढं ती म्हणाली की आबा सुरू. "लोकं लय खूश हायत बग. कालच पिराजी भेटलता. म्हणला, भाऊसो, तुज्या लेकीच्या हाताला गुण हाय." मग आबांचा हा जुना दोस्त पिराजी, पिराजीचा ऊस, पिराजीची कवळी, असं करत जेवण उरकायचं. तिचं वाक्य तिथंच ताटाशेजारी पडून राहायचं.

अशात पुण्याहून फोन आला. एका मोठ्या दवाखान्याला डॉक्टर हवी होती. महिन्याच्या महिन्याला खात्यात पगार, रविवारी सुट्टी. पंधरा दिवसांनी, सोमवारी उत्तर द्यायचं होतं. हो म्हटलं की खुर्ची विकायची, पाटी उतरवायची आणि बॅग भरायची. तिला जायचं नव्हतं. आपल्या गावात आपल्या नावाची पाटी, हे तिनं शाळेत असल्यापासून मनात धरलेलं. पण पुढच्या महिन्याचं भाडं कुठून आणायचं हेही तिला सुचत नव्हतं. आणि हे घरी सांगायचं धाडस तर त्याहून होत नव्हतं.

मार्चच्या उकाड्यात आबा मफलर गुंडाळून फिरायला लागले, तेव्हा पहिल्यांदा सोनूबाईला, म्हणजे संघप्रियाच्या आईला, संशय आला. नवरा डाव्या बाजूनं नुसता आमटीभात गिळतोय हे तिनं बघितलं, आणि जेवता जेवताच मफलर ओढून काढला. उजवा गाल टम्म सुजलेला.

"समद्या जिल्ह्याला लेकीचा दवाखाना दाखीवला," ती म्हणाली, "आन् सोताच्या येळेला मफलर व्हय?"

आबा घाबरले होते. आयुष्यभर कारखान्याच्या धगधगत्या यंत्रात हात घालणारा माणूस इंजेक्शनच्या सुईला घाबरत होता, आणि हे कुणाला कळू नये म्हणून मफलरात उकडून निघत होता. संघप्रियानं दाढेचा एक्स-रे फोटो काढून घेतला. खालची उजवी अक्कलदाढ हिरडीच्या आत चक्क आडवी झोपली होती. इतकी वर्षं गुपचूप होती, आता कुजायला लागलेली. पिराजीला हे कळल्यावर तो आबांना म्हणाला, "ह्या वयात आक्कल आली व्हय रं?" आबांनी त्याच्याशी एक दिवस बोलणं टाकलं.

आधी गोळ्या देऊन सूज उतरवली आणि शनिवारी दाढ काढायचं ठरलं. घरचा माणूस म्हणून मध्ये घुसायचं नाही, असं सांगून आबा पूर्णिमाताईंकडून नंबर घेऊन बाकावर बसले. बाक नेहमीसारखाच भरलेला. बयाबाई आत्या दात साफ करून घ्यायला आजऱ्याहून आलेली, पिराजी कवळीचं माप द्यायला, आणि गारगोटीकडचं एक जोडपं, ज्यांचं नातं अजून जुळवायचं चाललं होतं. आबा हाक येईपर्यंत सगळ्यांना धीर देत होते. खरं तर धीर कुणाला हवा होता हे सगळ्यांना दिसत होतं.

खुर्चीत बसल्यावरही तोंड चालूच. कारखान्याच्या डॉक्टरानं कुणाची दाढ कशी उपटली, मग त्यानं काय केलं, मग साहेब काय म्हणाले. भूल दिली तरी आबा बोलतच होते, जीभ जड झाली तसे जरा सावकाश बोलत होते. शेवटी संघप्रियानं दाढांच्या मध्ये रबराचा ठोकळा बसवला, तोंड उघडं राहावं म्हणून. आणि खोलीत शांतता झाली.

तिनं हे काही ठरवून केलं नव्हतं. पण हातात हत्यार घेतल्यावर तिच्या ध्यानात आलं, की जन्मात पहिल्यांदा आबा समोर आहेत आणि त्यांना मध्ये बोलता येत नाही.

"आबा," ती म्हणाली, "एक सांगायचं होतं."

"आं?"

"मी सोमवारी पुण्याला नोकरीला हो म्हणणार आहे. दवाखाना बंद करायचा विचार आहे."

"आं? आं, आं..."

"जीभ बाजूला घ्या. पाणी सोडतेय."

पूर्णिमाताई लाळ ओढायची नळी धरून उभ्या होत्या. त्यांनी नजर छताकडे लावली.

हात आपलं काम करत होते. हात थांबले असते तर तिच्याच्यानं पुढचं बोलणं झालं नसतं. "भाड्याला पैसे नाहीत, आबा. खुर्चीचा हप्ता मागच्या महिन्यात मैत्रिणीकडून घेऊन भरला. ही तुमची दाढ काढायला बाहेर कुठंही सात हजार पडतात. माझा दरही तेवढाच आहे. फक्त अजून कुणी दिला नाही."

आबांनी उजवा हात वर उचलला आणि हवेत पाना फिरवल्यासारखं केलं. हत्यार तर तुझंच आहे की, मग खर्च कसला, असं त्यांना म्हणायचं होतं. लेकीला ते बरोबर कळलं. फिटरचीच लेक ती.

"पक्कड माझीच आहे. पण भूल दर वेळी नवी लागते. सुई, पातं, टाक्यांचा दोरा, हातमोजे, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. पूर्णिमाताईंनी उन्हातान्हातनं यायचं, त्यांना मी काय देऊ, गूळ?"

पूर्णिमाताई छताकडेच बघत राहिल्या.

"तुम्ही गावातल्या सगळ्यांचे पंप दुरुस्त करून दिलेत. कुणाकडून कधी काही घेतलं नाहीत. मला केवढा अभिमान वाटायचा. मलाही तसंच करायचं होतं. पण तुम्हाला एक तारखेला कारखान्याचा पगार होता, आबा. मला कोण देतंय?"

आबांचा वर धरलेला हात हळूहळू खाली आला. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निघून कानाकडे गेला.

"दुखतंय का?"

आबांनी मान हलवून नाही म्हटलं. पूर्णिमाताईंनी कापसाच्या तुकड्यानं तो थेंब टिपला आणि काही न बोलता तुकडा बादलीत टाकला.

दाढ दोन तुकड्यांत बाहेर आली. संघप्रिया टाके घालू लागली, आणि आता मात्र तिला स्वतःची लाज वाटली. तोंडात ठोकळा घातलेल्या माणसाला आपण असं सुनावलं. त्यांनी काही वाईट हेतूनं केलं होतं का? गाठ मारताना तिचं मन भरून आलं, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. तिनं जखमेवर कापसाचा बोळा ठेवला आणि दात मिटायला सांगितले.

"तासभर बोळा काढायचा नाही. थुंकायचं नाही, बोलायचं नाही. घरी जाऊन आईस्क्रीम खा."

आबा उठले, तिच्याकडे न बघता बाहेर गेले. ती हातमोजे तसेच ठेवून मागोमाग दारापर्यंत आली.

बाहेर सगळे उठून उभे राहिले. "झालं व्हय? दुखलं काय?" बयाबाई आत्या विचारत होती. आबांनी तोंडातल्या बोळ्याकडे बोट दाखवलं. टेबलाजवळ गेले, खिशातून चष्मा काढला, फोन काढला, क्यूआरवर धरला. पहिल्यांदा तो तिरका धरला, मग नीट धरला. बराच वेळ बोटानं काहीतरी दाबत राहिले. आणि इतके दिवस मुका बसलेला डबा त्या गच्च खोलीत खणखणीत आवाजात बोलला: सात हजार रुपये मिळाले.

सगळे डब्याकडे बघायला लागले. मग पिराजी म्हणाला, "मशीन बिघाडलं जणू."

आबांनी मान हलवली. एक हात पुरा आणि दुसऱ्याची दोन, अशी सात बोटं वर धरली.

"सातशे म्हन की."

परत मान हलली. सात बोटं पुन्हा, या वेळी जरा जोरात.

"सख्ख्या लेकीला सात हजार?" आत्यानं विचारलं.

आबांनी ठासून मान डोलावली आणि बाकावर जाऊन बसले. गारगोटीकडच्या जोडप्याला एकदम बस आठवली. ते दोघं पिशवी उचलून जिना उतरून गेले, आणि त्यांचं नातं शेवटपर्यंत जुळलं नाही ते नाहीच.

आत्यानं भाचीकडे बघितलं. पिराजीनंही बघितलं. आबांनी बघितलं, पण त्यांच्या तोंडात बोळा होता. आता बोलायचं तर तिलाच. संघप्रियाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काजूनं काळी पडलेली ती बोटं समोर पदराशी चाळा करत होती. तिला वाटलं, आत निघून जावं आणि पुण्याला आत्ताच फोन लावावा.

"आत्या," ती म्हणाली, आणि आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, "दात साफ करायचे आठशे रुपये होतात."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. मग कमरेची पिशवी सोडायला लागली.

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय? आमाला वाटलं, तू डाक्टर झालीस म्हंजे तुला सरकार पगार देतंय."

"आत्या, हा माझा स्वतःचा दवाखाना आहे."

"त्ये आमाला काय ठावं? आपल्यात सर्विस लागली म्हंजे पगार येतोय. भाऊसोला कारखान्याचा येत व्हता, आमच्या सूरजला पोस्टाचा येतोय. आमी आपलं समजत व्हतो, पोरीला पगार चालू हाय, आन् वरनं लोकांची सेवा करतीय. त्ये तांदूळ आमी मायेनं आणलं व्हतं ग. पैशापायी न्हवं." तिनं पाचशेची एक आणि शंभराच्या तीन नोटा टेबलावर ठेवल्या.

"तुम्ही माझ्या पुस्तकांना पैसे दिले होते, आत्या. तुमचे मी..."

"दिलं त्ये दिलं. त्यात ह्ये मिसळू नगंस. आन् एवडं आठशे घेतीयास, तर नीट घास. मागल्या बारीला डाव्या अंगाला तसंच ऱ्हायलंतं."

पूर्णिमाताईंना हसू आवरेना. पिराजीनं मात्र घसा खाकरला. "कवळीचं किती व्हतील त्ये पयलं सांग. मग बसायचं का न्हाय त्ये ठरीवतो." तिनं आकडा सांगितला. पिराजीनं ऊसबिल कधी जमा होतंय याचा हिशेब मनात केला, "पुढल्या म्हयन्यात यीन," म्हणाला, आणि खरंच निघून गेला. तो येईल की नाही हे काही सांगता यायचं नाही. पण त्यानं विचारलं होतं, आणि तिनं सांगितलं होतं.

रविवारी आबा घरात गप्पगप्प होते. टाक्यांमुळे असतील असं आई म्हणाली. संघप्रियाला ते खरं वाटलं नाही. माफी मागावी असं तिला दहादा वाटलं, आणि कशाची मागावी हे एकदाही ठरेना.

सोमवारी सकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसूनच पुण्याला फोन लावला. समोर आबा थंड दुधात चपाती कुस्करत होते. तिनं सांगितलं की मी येत नाही. पलीकडून कारण विचारलं गेलं. मग पगार वाढवून देतो असं सांगितलं गेलं, चांगला आकडा होता. पुढच्या महिन्याचं भाडं अजूनही हातात नव्हतं, आबांच्या सात हजारांत आत्याचे आठशे घालूनही ते भागणार नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "मला पगार नको."

फोन ठेवला. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पगारासाठी नवस सोडून बाकी सगळं करून झालं होतं. पगाराला नको म्हणणारं माणूस त्या टेबलाशी कधी बसलं नव्हतं. आबांनी चपाती कुस्करायची थांबवली.

"भ्या वाटलं?" त्यांनी विचारलं. गाल अजून जड होता, शब्द सावकाश येत होते.

"हो. खूप."

"मलाबी वाटलं," आबा म्हणाले. एवढंच म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत, आणि ती काय बोलतेय याची वाट बघत बसले.

तिला एकदम रडू फुटलं. ते तिनं दाबलंही नाही. मग नाक पुसून तिनं फोनचा दिवा लावला आणि खुर्ची पुढं ओढली.

"आबा, आ करा. टाके बघू दे."